गुणगौरव कुणाचा, कशासाठी आणि कसा? माध्यमिक शाळांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पारितोषिक समारंभ संपला की शिक्षकदालनात हमखास दोन वाक्यं ऐकू येतात. एक, ‘दरवर्षी तीच ती मुलं.’ दुसरं, ‘सगळ्यांनाच द्यायचं तर मग अर्थ काय?’ दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: कुणाला नेमकं कशाबद्दल दिलं, हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं. खालची उत्तरं वर्गशिक्षक, पर्यवेक्षक आणि गुणगौरव समितीत बसणाऱ्यांसाठी आहेत.

यश, मेहनत आणि नागरिकत्व असे तीन भाग कशाला? एकच ‘आदर्श विद्यार्थी’ निवडला तर?

एकाच पुरस्कारात तिन्ही कोंबले की गुण जिंकतात. समितीपुढे गुणपत्रक असतं, बाकीच्या दोन गोष्टींचा कागद नसतो. मग पहिला आलेला, गणवेश नीट असलेला आणि कुणाशी न भांडणारा मुलगा ‘आदर्श’ ठरतो. तीन भाग करायचे ते पुरावा वेगळा लागतो म्हणून. यशाला निकाल लागतो. मेहनतीला त्याच मुलाचा मागचा आणि आत्ताचा पल्ला लागतो, म्हणजे वह्या, मसुदे, पुन्हा सोडवलेली गणितं. नागरिकत्वाला कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेली घटना लागते.

एकाच मुलीला दोन भागांत सन्मान मिळाला तर हरकत नाही. मात्र प्रमाणपत्रं दोन हवीत आणि मजकूरही दोन.

मेहनत मोजायची कशी? गुण किती वाढले ते पाहून?

गुणवाढ सोपी वाटते, पण ती तीन ठिकाणी फसवते.

पहिली फसगत पेपरची. समजा वर्गाची सरासरी ४८ वरून ६१ वर गेली आणि एक मुलगा ४० वरून ५२ वर आला. बारा गुणांची वाढ दिसते, पण वर्ग तेराने वाढला आहे. मुलगा जिथे होता तिथेच आहे, कदाचित किंचित मागेच. उलट सरासरी ५८ वरून ४९ वर घसरली आणि एक मुलगी ५५ वरून ५४ वर आली, तर तिचा एक गुण कमी झाला तरी वर्गाच्या तुलनेत ती आठने पुढे सरकली. तेव्हा मुलाच्या बदलातून वर्गाचा बदल वजा करा. सोबतच्या शिक्षकाला हे गणित तोंडी पटत नाही; फळ्यावर चार आकडे मांडले की लगेच पटतं.

दुसरी फसगत तळाची. पहिल्या चाचणीत अगदी शेवटी असलेल्यांपैकी काही त्या दिवशी तापात असतात, काहींचा पेपर अर्धा राहिलेला असतो. पुढच्या वेळी त्यांचे गुण काही न करताही थोडे वर येतात. म्हणून एका चाचणीवरून सुरुवातीची पातळी ठरवू नका. आधीच्या दोन चाचण्यांची सरासरी आणि नंतरच्या दोन चाचण्यांची सरासरी, अशी तुलना करा.

तिसरी छताची. ९० गुण असलेल्याला वाढायला दहाच गुण उरतात. ९० वरून ९५ म्हणजे उरलेल्यातलं निम्मं अंतर तोडलं. ४० वरून ५८ म्हणजे साठपैकी अठरा, तीस टक्के. हा हिशेब वरच्या मुलांवरचा अन्याय कमी करतो. पण तोच एकमेव नियम केलात तर पारडं पुन्हा वरच्यांकडे झुकेल, हे ध्यानात ठेवा.

आकडे हे फक्त चाळणी म्हणून वापरा. यादी तयार झाली की विषयशिक्षकाने प्रत्येक नावापुढे दोन दाखवता येणारे पुरावे लिहायचे. ‘खूप कष्टाळू’ चालणार नाही. ‘निबंधाचे तीन मसुदे दिले, तिसऱ्यात परिच्छेदांचा क्रम स्वतःहून बदलला’ हे चालेल. ‘भूमितीतली चुकलेली प्रमेयं आठवडाभरात परत लिहून दाखवली’ हेही. पुरावा सापडत नसेल तर नाव मागे घ्या, पुढच्या सत्रात पाहा.

‘हुशार आहेस’ म्हणू नये, ‘मेहनत केलीस’ म्हणावं, असं म्हणतात. खरं का?

१९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. यशानंतर बुद्धीची स्तुती झालेली मुलं पुढच्या अपयशानंतर लवकर खचली आणि सोप्या कामाकडे वळली. मेहनतीची स्तुती झालेली मुलं टिकून राहिली. यातून घ्यायचं ते घ्या, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला सोप्या कामाबद्दल ‘केवढी मेहनत घेतलीस!’ म्हटलंत तर तो त्याचा अर्थ ‘यांना मी ढ वाटतो’ असाच लावेल. त्या वयाला खोटी शाबासकी दुरून ओळखू येते. स्तुती करायची ती पद्धतीची करा: काय बदललं आणि त्याने काय सुधारलं.

नागरिकत्वाचा सन्मान म्हणजे शिस्तीचं बक्षीसच ना?

नाही. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ‘वर्षभरात एकही तक्रार नाही’ हा निकष लावला की शांत मुलांची यादी हाती येते. शांत असणं चांगलंच, पण कुणाला त्रास न देणं वेगळं आणि कुणाच्या उपयोगी पडणं वेगळं.

विचारायचा प्रश्न असा: या मुलामुळे शाळेत दुसऱ्या कुणाचं काय सोपं झालं, तेही सांगितलेलं नसताना? नव्याने आलेल्या मुलीला पहिला आठवडा डब्याच्या सुट्टीत एकटं बसू दिलं नाही. सापडलेलं पाकीट न उघडता कार्यालयात दिलं. वर्गात एकाची नक्कल चालली होती, ती ‘पुरे आता’ म्हणून थांबवली. ज्या तुकडीचा ग्रंथालयाचा तास शेवटी येतो तिला तो कधीच मिळत नाही, हे मुद्देसूद लिहून मुख्याध्यापकांकडे दिलं आणि वेळ बदलून घेतली. शेवटचं उदाहरण मुद्दाम दिलं आहे. चुकीच्या नियमाबद्दल सभ्यपणे, कागदावर बोलणारं मूलही चांगलं नागरिक असतं, मग ते कधीमधी शिक्षकांना डोईजड वाटलं तरी.

वर्गप्रमुखाने फळा पुसणं किंवा रांग लावणं यात धरू नका. ते नेमून दिलेलं काम आहे.

नावं कुठून मिळवायची? शिक्षकांच्या नजरेला तर तीच मुलं पडतात.

म्हणून फक्त शिक्षकांना विचारायचं नाही. ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, कार्यालयातले कर्मचारी, शिपाई, वाहनचालक यांना मुलं वर्गाबाहेर दिसतात, आणि वर्गाबाहेरचं वागणंच आपल्याला हवं असतं. त्यांना लांबलचक अर्ज देऊ नका. पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी पुरे, तिच्यावर चार ओळी:

कोण (नाव माहीत नसेल तर तुकडी किंवा वर्णन)
केव्हा आणि कुठे
काय केलं
त्याचा उपयोग कुणाला झाला

विशेषणांना जागाच ठेवायची नाही. ‘सुस्वभावी, नम्र’ अशी चिठ्ठी आली तर परत पाठवून ‘एक प्रसंग लिहा’ म्हणायचं. ज्यांना लिहायचा कंटाळा असतो त्यांच्याकडून पर्यवेक्षकाने उभ्या उभ्या विचारून स्वतः लिहून घ्यावं. पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं यासाठी काढली तरी सत्राअखेर भरपूर चिठ्ठ्या जमतात. सत्र संपल्यावर ‘आठवा बरं’ म्हणून मागितल्या की आठवतात ती शेवटच्या दोन आठवड्यांतली मुलं.

मुलांकडून मतदान घ्यावं का?

मतदान नको, लोकप्रिय मूल निवडून येतं आणि एखादा वर्ग चेष्टा म्हणून भलत्यालाच निवडतो. चिठ्ठी मात्र जरूर घ्या, तीच चार ओळींची, बंद पेटीत. मतं मोजायची नाहीत, प्रसंग वाचायचे. एका मुलाबद्दल एकच चिठ्ठी असली आणि तिच्यातला प्रसंग पक्का असला, तर ती वीस कोऱ्या नावांपेक्षा वजनदार. प्रसंगाची खातरजमा मात्र एका मोठ्या माणसाने करायलाच हवी.

प्रमाणपत्रावर नेमकं काय लिहायचं?

सगळ्या खटाटोपाचा गाभा हाच. छपाईला गेलेलं ‘उत्कृष्ट वर्तनाबद्दल गौरव करण्यात येत आहे’ हे वाक्य शाळेतल्या कुठल्याही मुलाच्या नावाखाली बसतं, म्हणूनच ते कुणाचंच नसतं. वीस ते तीस शब्दांत घडलेली गोष्ट लिहा. क्रियापद स्पष्ट हवं.

कच्चं: ‘विज्ञान विषयातील विशेष प्रयत्नांबद्दल.’

पक्कं: ‘पहिल्या सत्रात प्रयोगवहीतली निरीक्षणं अपुरी होती. दुसऱ्या सत्रात प्रत्येक प्रयोग दोनदा करून आकड्यांतला फरक नोंदवला आणि त्याचं कारणही लिहिलं, याबद्दल.’

पहिलं वाक्य, आधीची उणीव सांगणारं, प्रमाणपत्रावर छापायचं की नाही हे त्या मुलाला विचारून ठरवा. काहींना त्याचा अभिमान वाटतो, काहींना ते चारचौघांत नको असतं. मजकूर तयार झाला की एक चाचणी करा: नाव झाका आणि त्याच वर्गाच्या दुसऱ्या शिक्षकाला वाचायला द्या. कुणाबद्दल आहे हे त्यांना ओळखता आलं नाही, तर मजकूर अजून ढोबळ आहे.

नावाचं शुद्धलेखन जनरल रजिस्टरवरून (शाळेच्या प्रवेशनोंदवहीवरून) तपासा आणि छपाईआधी कच्च्या प्रतीवर विद्यार्थ्याची सही घ्या. चुकलेल्या नावाचं प्रमाणपत्र घरी भिंतीवर लागत नाही.

शंभर टक्के हजेरीचं बक्षीस द्यावं का?

शक्यतो देऊ नये. २०२१ मध्ये कार्ली रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेतल्या पंधरा हजारांहून जास्त शाळकरी मुलांच्या हजेरीचा विचार होता. ‘पूर्ण हजेरी लावलीत तर बक्षीस’ असं आधी जाहीर करून सरासरी फरक पडला नाही. झालेल्या हजेरीबद्दल अचानक बक्षीस मिळालेल्यांची पुढची हजेरी तर घटली. संशोधकांचा अंदाज असा की बक्षिसातून मुलांना भलताच निरोप जातो: तुम्ही इतरांपेक्षा जास्त येताय, एवढी अपेक्षा नव्हती.

शिवाय आजारी मूल बक्षीस हुकू नये म्हणून तापात शाळेत येतं आणि बाकावरच्या दोघांना ताप देऊन जातं. दीर्घ आजार असलेली, किंवा घरी कुणाची सुश्रूषा करणारी मुलं पहिल्याच महिन्यात बाद होतात. एका गैरहजेरीने संधी गेली की उरलेलं वर्ष त्या मुलासाठी योजना संपलेलीच असते. हजेरीचा प्रश्न गंभीर असेल तर महिनावार सुधारणा पाहा आणि घरी एक पत्र पाठवा. स्टेजवर आणू नका.

तारे, गुणांक, टोकन अशा पद्धती कशा आहेत?

खालच्या माध्यमिक वर्गांत काही काळ चालतात. बिघडतात त्या शिक्षकागणिक फरकाने: एक बाई आठवड्याला चाळीस तारे वाटतात, शेजारच्या वर्गातले सर दोन. महिन्याभरात मुलांना दर कळतो आणि ताऱ्याची किंमत पडते. सुरू करायची तर प्रत्येक शिक्षकाला आठवड्याचा ठरावीक कोटा द्या, तो पुढे साठवता येणार नाही असं सांगा आणि एकदा दिलेला तारा कधीही काढून घेऊ नका. मागच्या सोमवारी केलेली मदत शुक्रवारच्या दंग्याने पुसली जात नाही.

रोख रक्कम किंवा वस्तू दिल्या तर उत्साह वाढतो का?

त्या दिवसापुरता वाढतो. १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे: चित्रं काढायला आधीच आवडणाऱ्या मुलांना ‘काढलंत तर बक्षीस’ असं सांगितलं, आणि नंतर मोकळ्या वेळात ती चित्रांकडे कमी वळली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांत अशी घट दिसली नाही. ती मुलं बालवाडीतली होती, तेव्हा जसंच्या तसं माध्यमिक शाळेला लावू नका. पण १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, त्यातही आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसांनी मूळची आवड घटते आणि शाब्दिक कौतुकाने ती वाढते, असंच दिसलं.

पैशाबद्दल अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांचा २०११ चा अभ्यास वाचण्यासारखा आहे. न्यूयॉर्कमध्ये चाचणीतल्या गुणांसाठी पैसे दिले, गुण सांगण्यासारखे वाढले नाहीत. डॅलसमध्ये लहान वर्गांतल्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे २ डॉलर दिले, तिथे वाचनाच्या आकलनात थोडी सुधारणा दिसली. कारण उघड आहे. गुण वाढवायचे म्हणजे नक्की काय करायचं हे मुलाला ठाऊक नसतं. पुस्तक वाचायचं म्हणजे काय, हे ठाऊक असतं. तुमच्या योजनेत वस्तू असोत-नसोत, सन्मान मुलाच्या हातात असलेल्या कृतीशी जोडा.

सगळ्यांसमोर कौतुक केलं की काही मुलं उलट बिथरतात. असं का?

कारण या वयात सरांच्या शाबासकीपेक्षा मित्रांची नजर मोठी असते. बर्स्टीन आणि जेन्सन यांच्या २०१५ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांत संगणकावरच्या सराव वर्गांमध्ये वरच्या क्रमांकांची यादी सर्वांना दिसू लागली, आणि कामगिरी २४ टक्क्यांनी घसरली. आधी पुढे असलेली मुलंच यादीत यायचं टाळू लागली.

उपाय साधा आहे: आधी विचारा. तीन पर्याय ठेवा. समारंभात, फक्त वर्गात, किंवा फक्त घरी पत्र. निवड चिठ्ठीवर घ्या, वर्गात हात वर करायला लावू नका. तिन्हींची नोंद शाळेच्या दप्तरी सारखीच राहील, हे मुलाला स्पष्ट सांगा. घरी जाणारं पत्र विद्यार्थ्याच्या नावे लिहा. पालक ते तसंही वाचतातच.

किती जणांना द्यावं?

क्रमांकाची बक्षिसं मोजकी असतात, ती तशीच राहू द्या. मेहनत आणि नागरिकत्व यांना कोटा लावू नका, निकष लावा. जेवढे बसतील तेवढे. एका सत्रात ४० च्या तुकडीत निकष गाठणारी तीन निघोत की अकरा. अडतीस निघाली तर निकष सैल आहे.

तीच ती मुलं टाळायची कशी?

एक तक्ता करा. आडव्या ओळीत मुलांची नावं, उभ्या रकान्यात महिने, चौकटीत यशासाठी य, मेहनतीसाठी मे किंवा नागरिकत्वासाठी ना हे एक अक्षर. दर सहा ते आठ आठवड्यांनी तो डोळ्यांखालून घाला. रिकाम्या ओळी लगेच दिसतात आणि त्या बहुधा मधल्या मुलांच्या असतात: नापास नाहीत, पहिली नाहीत, खोड्या काढत नाहीत. रिकामी ओळ दिसली म्हणून प्रमाणपत्र द्यायचं नाही. पुढचे दोन आठवडे त्या मुलाकडे लक्ष द्यायचं. बहुतेक वेळा काहीतरी दिसतंच, आधी कुणी पाहिलेलं नसतं एवढंच.

त्याच तक्त्यावरून मुली-मुलगे, तुकड्या, आणि शिक्षकांचीच मुलं यांचं प्रमाणही मोजा. आकडा अवघड निघाला तर समितीपुढे ठेवा, गुपचूप दुरुस्त करू नका.

समितीत कोण असावं?

पाच जण पुरे, त्यातला एक शिक्षकेतर. पहिल्या फेरीत नावं झाकून फक्त नावांऐवजी दिलेले क्रमांक आणि पुरावे वाचा. ज्याचं मूल किंवा नातलग चर्चेत असेल त्याने त्या वेळी खोलीबाहेर बसावं, आणि तसं इतिवृत्तात लिहावं. समसमान पडले तर दोघांनाही द्या.

शिस्तभंग झालेल्या मुलाला सन्मान मिळू शकतो का?

यशाचा आणि मेहनतीचा, हो. कॉपी सापडली असेल तर फक्त त्या विषयाचा त्या सत्रातला सन्मान मिळणार नाही. नागरिकत्वासाठी मुदत ठरवा, उदाहरणार्थ घटनेनंतरचं एक सत्र. आजन्म बंदी घातलेल्या मुलाला सुधारायचं कारण उरत नाही. गंभीर प्रकारात दुसऱ्या मुलाला इजा किंवा छळ झाला असेल, तर निर्णयाआधी त्या मुलाला काय वाटेल याचा विचार समितीने करायलाच हवा. स्टेजवर टाळ्या वाजताना तेही मूल सभागृहात बसलेलं असतं.

अपंग किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी वेगळं ‘प्रेरणा’ पारितोषिक ठेवावं का?

नको. तेच तीन भाग, त्याच चार ओळी, तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या पातळीशी. ‘आजाराशी झुंज दिल्याबद्दल’ असा सन्मान तर मुलाला न विचारता कधीच देऊ नका.

‘माझ्या मुलाला का नाही?’ म्हणून पालक आले तर?

लेखी निकष हातात द्या आणि त्यांच्याच मुलाची नोंद दाखवा. दुसऱ्या मुलाचे गुण किंवा चिठ्ठ्या दाखवायच्या नाहीत, कितीही आग्रह झाला तरी. आमची नोंद चुकली असेल तर पाच कामाच्या दिवसांत दुरुस्त करू, एवढं सांगा आणि पाळा. निकष वर्षाच्या सुरुवातीलाच पालकसभेत वाटलेले असले तर ही भेट दहा मिनिटांत आटोपते.

समारंभ लांबतो, मुलं कंटाळतात. काय करावं?

गणित करा. १२० नावं, प्रत्येकी ३० सेकंद, म्हणजे नुसतं वाटप एक तास. मजकूर वाचायचा तर ३० सेकंद लागतातच, म्हणून नावं कमी करा किंवा इयत्तावार वेगळे छोटे कार्यक्रम घ्या. पाहुण्यांना सात मिनिटं, तीही आधी सांगून.

सगळ्यात नेहमीचा घोळ गठ्ठ्याचा. एक मूल गैरहजर राहतं, रांग एकाने पुढे सरकते आणि पुढच्या प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याचं प्रमाणपत्र येतं. यावर दोन उपाय आहेत. पहिला, रांग लावणाऱ्या शिक्षकाने कार्यक्रमाआधी दहा मिनिटं गैरहजरांची प्रमाणपत्रं बाजूला काढायची. नावं मात्र वाचायची. दुसरा जास्त खात्रीचा: स्टेजवर सगळ्यांना सारखी कोरी फाइल द्या आणि खरं प्रमाणपत्र नंतर वर्गशिक्षकाने वर्गात द्यावं. अनोळखी नावांचे उच्चार सूत्रसंचालकाने आदल्या दिवशी त्या त्या मुलाकडूनच ऐकून घ्यावेत.

शाळेच्या संकेतस्थळावर फोटो आणि गुण टाकावेत का?

फोटो पालकांच्या लेखी संमतीनेच, आणि विद्यार्थ्यालाही विचारून. गुण टाकू नका.

सन्मान लगेच द्यावा की वर्षाअखेर?

लहान कौतुक घटनेनंतर आठवड्याच्या आत. महिन्याभराने दिलं तर मुलाला तो प्रसंगच आठवत नाही. मोठी पारितोषिकं सत्राअखेर. शेवटच्या इयत्तेची मात्र शाळा सोडण्याआधी उरकून घ्या, नाहीतर निम्मी प्रमाणपत्रं कपाटात राहतात.

योजना चालते आहे हे कसं ओळखायचं?

समारंभानंतर आठवड्याभराने वेगवेगळ्या तुकड्यांतल्या दहा मुलांना गाठा. गौरव झालेल्या एखाद्या मुलाचं नाव घ्या आणि विचारा, ‘त्याला कशाबद्दल मिळालं?’ सात-आठ जणांनी कृती सांगितली तर निकष पोचले आहेत. ‘सरांचा लाडका आहे’ किंवा ‘माहीत नाही’ असं उत्तर जास्त वेळा आलं, तर पुढच्या सत्रात नवी बक्षिसं वाढवण्याआधी प्रमाणपत्रांचा मजकूर आणि चिठ्ठ्या बाहेर काढून पुन्हा वाचा.